मिस मार्पलच्या कादंबऱ्या: तुमचा वाचनानुभव नेमका काय?

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या खेड्यातल्या म्हाताऱ्या, हौशी गुन्हेशोधक बाईवरून वाचकांत सरळ दोन तट पडतात. एका तटाला या बारा कादंबऱ्या म्हणजे पावसाळी दुपारी पांघरूण घेऊन वाचायच्या उबदार रहस्यकथा वाटतात. दुसऱ्या तटाला त्या संथ, जुनाट आणि नोकरमाणसांच्या बाबतीत कोत्या मनाच्या वाटतात. दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहा, पण पुस्तकावर बोट ठेवून: कुठली जागा जमली, कुठली फसली आणि का. खुनी कोण, हे कुणीही उघड करू नये.

•

सगळ्यात आधी क्रम, कारण निम्मी नाराजी चुकीच्या क्रमातून येते. प्रकाशनाचा क्रम असा: 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' (१९३०), 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२), 'द मूव्हिंग फिंगर' (इंग्लंडात १९४३), 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०), 'दे डू इट विथ मिरर्स' (१९५२), 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३), '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७), 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' (१९६२), 'अ कॅरिबियन मिस्ट्री' (१९६४), 'ॲट बर्ट्राम्स हॉटेल' (१९६५), 'नेमेसिस' (१९७१) आणि 'स्लीपिंग मर्डर' (१९७६). मधली बरीचशी पुस्तकं कुठल्याही क्रमाने चालतात. तीन ठिकाणी मात्र जपा. 'कॅरिबियन'मधले मिस्टर राफिएल 'नेमेसिस'च्या मुळाशी आहेत, तेव्हा ही जोडी उलटी वाचू नका. 'बॉडी इन द लायब्ररी'तलं बँट्री दांपत्याचं घर, गॉसिंग्टन हॉल, 'मिरर क्रॅक्ड'मध्ये परत येतं, म्हणून ते आधी. आणि 'स्लीपिंग मर्डर' सगळ्यात शेवटी छापलं गेलं तरी लिहिलेलं आहे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 'मिरर क्रॅक्ड'मध्ये मिसेस बँट्री विधवा आहेत आणि या 'शेवटच्या' पुस्तकात कर्नल बँट्री हयात! छापण्याच्या क्रमाने जाणारा वाचक तिथे हमखास अडखळतो. ते 'मूव्हिंग फिंगर'नंतर वाचा, सगळं सुरळीत लागतं.

दुसरी अडचण शीर्षकांची. अमेरिकी आवृत्त्यांची नावं वेगळी असतात. 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' म्हणजेच '४.५०', 'मर्डर विथ मिरर्स' म्हणजेच 'दे डू इट विथ मिरर्स' आणि 'द ट्यूसडे क्लब मर्डर्स' म्हणजेच 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा कथासंग्रह. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका, पहिली दोन पानं चाळा. एरवी एकच गोष्ट दोनदा घरी येते. 'द मूव्हिंग फिंगर'च्या जुन्या अमेरिकी प्रतीत मजकूर कापलेला आहे, ती शक्यतो टाळा.

•

'व्हिकारेज' रटाळ आहे असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सुरुवातीचे नकाशे पाहिले असतील? पाद्रीसाहेबांच्या अभ्यासिकेचा आणि गावाचा असे नकाशे पुस्तकातच आहेत. बऱ्याच डिजिटल प्रतींत ते इतके बारीक येतात की वाचक पान पुढे सरकवतो. तिथेच गडबड होते. मिस मार्पलच्या बागेतून व्हिकारेजकडे, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या घराकडे, जाणारी वाट दिसते आणि कोण कधी त्या वाटेने गेलं यावर सगळा डोलारा उभा आहे.

आता घड्याळ. कर्नल प्रोथेरो अभ्यासिकेत मरून पडलेत. समोरच्या चिठ्ठीवर वेळ घातली आहे ६.२०. टेबलावरचं घड्याळ आडवं होऊन ६.२२ ला थांबलंय. इन्स्पेक्टर स्लॅकला वाटतं, संपलं, वेळ मिळाली. पण हे घड्याळ घरात मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे लावलेलं असतं, लोकांनी वेळेवर निघावं म्हणून. म्हणजे त्यावर ६.२२ वाजतात तेव्हा खरे ६.०७ झालेले असतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याने वेळ कुठल्या घड्याळावरून घातली, हा प्रश्न मनात ठेवून पुढे जा. वाचताना कागदावर तीन रकाने आखा: कोण कुठे असल्याचं सांगतो, त्याला आणखी कुणी पाहिलं आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची. एवढं केलं तर हे पुस्तक मालिकेतलं सगळ्यात चोख बांधलेलं वाटतं.

यात खरा दोष एकच, तीन म्हाताऱ्या एकमेकींत मिसळतात. मिसेस प्राइस रिडली पैसेवाली आणि मानापमानाची, मिस हार्टनेल मोठ्या आवाजाची आणि गोरगरिबांच्या घरात हक्काने शिरणारी, मिस वेदरबी अर्धी गोड अर्धी कडू. पहिल्या चहापानाच्या प्रसंगात हे लक्षात ठेवलं की पुढे त्रास नाही.

•

'उबदार' या शब्दालाच माझा विरोध आहे. ही मालिका म्हणजे इंग्लंडातली बडी घरं एकेक करून कशी मोडत गेली त्याची नोंद आहे, आणि म्हणूनच मला ती मोठी वाटते.

गॉसिंग्टन हॉलच घ्या. १९४२ मध्ये तिथे रिवाजाप्रमाणे मोलकरीण पडदे उघडते, सकाळचा चहा येतो, आणि लायब्ररीत अनोळखी मुलीचं प्रेत सापडतं. प्रस्तावनेत ख्रिस्तीने स्वतःच लिहिलं आहे की लायब्ररीतलं प्रेत हा साचा तिला हाताळायचा होता, पण लायब्ररी अगदी पारंपरिक आणि प्रेत अगदी अनपेक्षित ठेवून. आता वीस वर्षं पुढे या. कर्नल गेले, मिसेस बँट्रींनी हॉल विकला आणि आवारातल्या ईस्ट लॉजमध्ये राहायला आल्या. हॉलमध्ये आधी पैसे देऊन राहणारे पाहुणे आले, मग चौघांनी मिळून घेऊन त्याचे चार फ्लॅट पाडले आणि आपसांत भांडले, मग आरोग्य खात्याने घेतला आणि नको म्हणून परत विकला. शेवटी एक सिनेनटी तो घेते आणि आत नव्या न्हाणीघरांचं काम काढते. हा सगळा इतिहास ख्रिस्तीने मोजक्या ओळींत उरकला आहे. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो, आणि मग तक्रार येते की पुस्तकात काही घडतच नाही.

'दे डू इट विथ मिरर्स'मधल्या स्टोनीगेट्सचं तेच. व्हिक्टोरियन प्रासाद, पण आवारात गुन्हेगार मुलांची सुधारशाळा. '४.५०'मधलं रदरफर्ड हॉल रेल्वेच्या वळणाला लागून, चहूबाजूंनी वाढलेल्या शहराने वेढलेलं, आत एक कंजूष म्हातारा आणि कामाला माणूस मिळत नाही अशी गत. म्हणून तर लूसी आयलेसबरो हे पात्र शक्य होतं. ऑक्सफर्डला गणितात पहिला वर्ग मिळवलेली ही बाई घरकाम हा पेशा निवडते, कारण टंचाई तिथे आहे आणि पैसाही तिथेच आहे. ती कुठेही फार दिवस राहत नाही, सहसा पंधरवडाच. हॉलच्या आवारात संशय न येता शोध घ्यायचा तर ती गोल्फच्या काठ्या हाती घेते आणि सरावाचे फटके मारत रुळांच्या कडेने फिरते. चेंडू झुडपात गेला की झुडूप तपासायला कारण मिळतं. एका साध्या युक्तीत पात्र, जागा आणि तपास तिन्ही पुढे जातात. ही कारागिरी आहे.

आणि 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. गावच्या गॅझेटमध्ये खून होणार अशी जाहिरात येते: शुक्रवार २९ ऑक्टोबर, लिटल पॅडॉक्स, संध्याकाळी साडेसहा. १९४८ मध्ये २९ ऑक्टोबरला शुक्रवारच होता, म्हणजे गोष्ट रेशनच्या ऐन दिवसांतली. ब्रिटनमध्ये रेशन जानेवारी १९४० ला सुरू झालं ते जुलै १९५४ पर्यंत चाललं. गावात लोणी, मध, भाजी यांची आडून देवाणघेवाण चालते आणि सगळ्यांना ते माहीत असतं. पाहुणे घरात शिरतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण घर तापवायची यंत्रणा चालू झाली आहे याबद्दल काहीतरी बोलतो. कोळशाच्या टंचाईत हे वाक्य नुसत्या शिष्टाचाराचं नाही. तिथे पेन्सिलची खूण करून ठेवा.

याच पुस्तकात मिस मार्पल इन्स्पेक्टर क्रॅडॉकला सांगते की पंधरा वर्षांपूर्वी गावात नवा माणूस आला तर कुणाचा कोण हे माहीत असायचं. आता माणूस स्वतःबद्दल सांगेल तेच खरं धरायचं. हाती असतं ते रेशन पुस्तक आणि ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर फोटो नसे. ती पद्धत १९५२ मध्ये बंद झाली. आजच्या वाचकाने फोटोचं कार्ड डोळ्यांपुढे ठेवलं तर या गोष्टीतली सगळी भीतीच कळणार नाही.

•

वरचं सगळं मान्य. तरीही माझा आक्षेप राहतो. 'अनाउन्स्ड'मधली मित्झी ही निर्वासित स्वयंपाकीण मध्य युरोपातून जीव वाचवून आली आहे, आणि पुस्तक तिला बहुतेक वेळ खोटारडी, आकांडतांडव करणारी बाई म्हणूनच दाखवतं. मोलकरणी नाकात बोलणाऱ्या, तोंड उघडं ठेवणाऱ्या, हे वर्णन पुस्तकामागून पुस्तकात येतं. 'नेमेसिस'मध्ये बलात्काराच्या तक्रारींबद्दल सुशिक्षित पात्रं ज्या सहजतेने मुलींवर आणि त्यांच्या आयांवर शंका घेतात ती पानं वाचवत नाहीत. त्या काळाचं प्रतिबिंब म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण लेखिकेने तिथे कुणालाच उलट बोलायला लावलेलं नाही.

•

मोलकरणींबद्दल एक भर. 'पॉकेट फुल ऑफ राय'मधली ग्लॅडिस याच साच्यातली आहे, पण मिस मार्पल यूट्री लॉजला येते ती ग्लॅडिससाठीच. तिनेच त्या पोरीला अनाथाश्रमातून आणून काम शिकवलेलं असतं. संपूर्ण मालिकेत मिस मार्पलचा राग इतका उघड क्वचितच दिसतो. शेवटच्या पानांवरचं पत्र वाचा आणि मग ठरवा.

याच पुस्तकातलं विष टॅक्सीन. यू झाडाची पानं आणि बिया दोन्ही विषारी, परिणाम थेट हृदयावर, उतारा नाही. घराच्या नावातच झाड आहे आणि कुंपणही त्याचंच, त्यामुळे विष कुठून आलं हा प्रश्न नसून कशातून आणि कधी दिलं हा आहे. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवायचं काम केलं होतं. तिची विषं लक्षणांना धरून असतात, एवढा भरवसा वाचकाने ठेवावा.

•

खाण्यापिण्याचं कुणी लिहिलं नाही! 'बर्ट्राम्स हॉटेल'ची पहिली प्रकरणं चहाच्या टेबलासाठी वाचावीत: लोणी निथळणारे खरे मफिन, आणि शहाजिऱ्यासारख्या कॅरवेच्या दाण्यांचा सीड केक. रहस्य मात्र शेवटी फार ताणलं गेलंय, त्याला माझे कमी गुण.

'द थर्टीन प्रॉब्लेम्स'च्या पहिल्याच कथेत मिस मार्पल एक बारकं कोडं मांडते. मिसेस कॅरुथर्सनी एलियटच्या दुकानातून दोन गिल सोललेली कोळंबी घेतली, आणखी दोन दुकानांत गेल्या, घरी येऊन पाहतात तर कोळंबी नाही. गिल म्हणजे पाव पाइंट, सुमारे १४२ मिलिलिटर. म्हणजे साधारण दीड वाटीचा ऐवज, वजनाने नव्हे, मापाने विकलेला. भोवती बसलेल्या पाचजणांत एक जण स्कॉटलंड यार्डचा निवृत्त आयुक्त, एक वकील, एक लेखक. त्यांना खुनाच्या गप्पांत ही कोळंबी क्षुल्लक वाटते. मिस मार्पलची सगळी रीत इथे आहे. माणसाचा स्वभाव कोळंबीत आणि खुनात वेगळा नसतो, म्हणून ती आधी गावातला दाखला शोधते आणि मग आरोपी. ज्यांना कादंबऱ्या लांबतात त्यांनी या तेरा कथांपासून सुरुवात करावी.

•

एक तक्रार रास्त आहे: मिस मार्पल उशिरा येते. 'मूव्हिंग फिंगर'मध्ये तर बरंच पुस्तक संपल्यावर. तिच्यासाठी पुस्तक हातात घेणारा वैतागणारच. उपाय हाच की ते निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाची गोष्ट म्हणून वाचावं. त्या दृष्टीने ते फार चांगलं आहे.

भारताचा धागा शोधणाऱ्यांना दोन जागा: 'अनाउन्स्ड'मधले हिंदुस्थानातून परतलेले कर्नल ईस्टरब्रुक, आणि 'स्लीपिंग मर्डर'ची ग्वेंडा, जिचा जन्म हिंदुस्थानातला. इंग्लंडात पाऊल ठेवताच तिला एक घर आधी पाहिल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यामागचं कारण तिच्या लहानपणीच्या प्रवासात आहे. तारखांकडे लक्ष ठेवा.

•

पडद्यावरची पाहून वाचायला येणाऱ्यांसाठी: बीबीसीने १९८४ ते १९९२ मध्ये जोन हिक्सनला घेऊन बाराही कादंबऱ्या केल्या, त्या पुस्तकाच्या बऱ्याच जवळ आहेत. २००४ पासूनच्या आयटीव्हीच्या मालिकेत काही ठिकाणी खुनीच बदलला आहे, आणि मूळ पुस्तकात मिस मार्पल नसलेल्या गोष्टींतही तिला आणून बसवलं आहे. 'बॉडी इन द लायब्ररी' तिथे पाहिलं असेल तर पुस्तकाचं रहस्य अजून शिल्लक आहे. निर्धास्त वाचा.