विषय: चर्चमधला टार्टनचा रविवार – मंडळातर्फे कोण येणार?

सप्रेम नमस्कार,
आपलं हळदीकुंकू ज्यांच्या हॉलमध्ये होतं, त्या प्रेस्बिटेरियन चर्चने येत्या रविवारी आपल्याला 'कर्किन ऑफ द टार्टन्स'ला बोलावलं आहे. स्कॉटिश घराण्यांचे लोक आपापल्या कुळाचं चौकड्यांचं कापड, म्हणजे टार्टन, घेऊन येतात, पुढे बॅगपाइप असतो आणि पास्टर त्या कापडांना आशीर्वाद देतात. कोण येणार ते कळवा. प्रार्थनासभा असल्यामुळे कुणाला संकोच वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.
– सचिव

----

ताई, आम्ही चौघंही येतो. स्कॉटलंडमधल्या कलोडेनच्या लढाईनंतर इंग्रजांनी टार्टनवर बंदी घातली, तेव्हा लोक कापडाचे तुकडे अंगरख्यात लपवून चर्चमध्ये न्यायचे, असं वाचलं. अडीचशे वर्षांची परंपरा मुलांना दाखवायलाच हवी.

----

बंदी खरी आहे. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पारंपरिक वेश घालायला मनाई झाली आणि ती 1782 पर्यंत टिकली. फौजेतल्या हायलँड पलटणींना मात्र तोच वेश चालायचा! तुकडे लपवून नेण्याच्या गोष्टीला मात्र पुरावा सापडत नाही. हा विधी अमेरिकेतला आहे, 1941 चा. स्कॉटलंडहून आलेले पीटर मार्शल तेव्हा वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पास्टर होते. युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनच्या मदतीसाठी ते प्रार्थनासभा घेत, त्यातून हा विधी निघाला. पुढे ते अमेरिकी सेनेटचे चॅप्लेन, म्हणजे धर्मगुरू, झाले.

म्हणून मला तो कमी मोलाचा वाटत नाही. घर सोडून आलेल्यांनी मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी उभं केलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी किती जुना?

आणि आपण तिथे परके नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले. त्यांनी 1832 मध्ये काढलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज उभं राहिलं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि 1835 मध्ये त्या मुंबईतच वारल्या. आमच्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले, तेही स्कॉटिशच. धर्मप्रचारक तर होतेच, पण दगड-जीवाश्म गोळा करणारे, गोंडांच्या कथा-गाणी टिपून ठेवणारेही होते. 1863 मध्ये टाकळघाटजवळ नदीच्या पुरात ते गेले. मी त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो. चर्चमधल्या मंडळींना बहुधा यातलं काहीच ठाऊक नसेल. प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी पाच मिनिटं मिळाली तर मी सांगेन.
– काका

----

काका, पास्टरबाईंना विचारलं. पाच नव्हे, दहा मिनिटं देतो म्हणाल्या. विल्सन कॉलेजचं शिक्षण झालेलं कुणी यादीत असेल तर काकांना लगेच लिहा. कॉफीबरोबर द्यायला चकल्या आणि शंकरपाळे कोण करतंय?
– सचिव