गाळ्यांचा विषय ऐनवेळी का? नगरपरिषदेच्या सभेत पैशाचे विषय आधी कळलेच पाहिजेत

वेदगंगाकाठ
कोल्हापूरपासून तासाभरावर आमचं गाव. नगरपरिषदेवर बरीच वर्षं प्रशासक होता. 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 ला निकाल लागला आणि सभागृहात पुन्हा आपली माणसं बसली. मला मनापासून आनंद झाला, म्हणून परवाच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसलो.

विषय नेहमीचेच. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, पाणी शुद्ध करायला तुरटी आणि टीसीएल पावडर खरेदी, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका. तुरटीच्या दरावरून चांगली खडाजंगी झाली. ती झालीच पाहिजे, पाणी सगळं गाव पितं. मग आले 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय', म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले, सभेतच मांडलेले. निम्मे सदस्य उठायच्या तयारीत, आणि तेवढ्यात नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यांच्या कराराची मुदतवाढ वाचली आणि मंजूर! सूचक कोण, अनुमोदक कोण, ऐकूसुद्धा आलं नाही.

1965 च्या नगरपरिषद अधिनियमात सर्वसाधारण सभेची नोटीस विषयांसकट सात पूर्ण दिवस आधी द्यायला सांगितलंय. सदस्यानं कागद वाचावा, प्रभागात चार लोकांना विचारावं, म्हणूनच ना ते दिवस? ऐनवेळी शोकप्रस्ताव घ्या, अभिनंदनाचा ठराव घ्या. खर्च आणि मालमत्ता नको. आणि विषयपत्रिका गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका.

माजी सदस्य
भावा, प्रेक्षकांत बसून हे सोपं वाटतं. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा. एक विषय हुकला की काम दोन महिने मागं. पाणी उपसायच्या जॅकवेलवरची मोटर नोटीस बघून जळत नाही. 2019 च्या ऑगस्टात पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर गाळ काढायला जेसीबी, टँकर, औषधफवारणी, सगळं एकाच वेळी लागलं. तेव्हा सात दिवस मोजत बसायचं होतं का? शिवाय गाव लहान आहे. गाळ्यांचा विषय आधी फुटला की गाळेवाले, त्यांचे पै-पाहुणे, तालमीची पोरं, सगळे सदस्याच्या दारात. त्या दबावात कोण सरळ मत देणार? निवडून दिलंय तर पाच वर्षं विश्वास ठेवा.

निवृत्त सभालिपिक
पुराचं उदाहरण इथं लागू होत नाही, साहेब. लोकांच्या सेवेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी तातडीचं काम असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम 58(2) खाली अध्यक्ष आदेश देऊ शकतात आणि पुढच्या सभेला कळवतात. थोडी सवड असेल तर तीन पूर्ण दिवसांच्या नोटिशीवर विशेष सभा घेता येते. गाळ्यांची मुदत तर कधी संपणार हे करारावरच लिहिलेलं असतं. त्यात अचानक काय आलं?

खरी अडचण टिपणीची आहे. विषयपत्रिकेवरच्या विषयाला खात्याची टिपणी असते: तरतूद किती शिल्लक, आधीचा ठराव काय, कार्यालयाचा अभिप्राय काय. ऐनवेळच्या विषयाला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. पुढं लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि खुलासा करत बसतो तो कर्मचारी. ठराव करणारे तोवर घरी गेलेले असतात. हे मी आयुष्यभर बघितलंय.

प्रभागातली ताई
मी पहिल्यांदाच निवडून आलेय, विरोधी बाकावर बसते. दादा, तुमची मागणी ऐकायला चांगली आहे, पण त्यात आमचंच तोंड बंद होईल. विषयपत्रिका सत्ताधारी ठरवतात. आमच्या गल्लीतली तुंबलेली गटार मी लेखी दिली होती, विषयपत्रिकेत आलीच नाही. शेवटी ऐनवेळी उभी राहिले, भांडले, तेव्हा मंजूर झाली. तो दरवाजाही बंद केलात तर आम्ही सभेला जायचं कशाला?

निवृत्त सभालिपिक
ताई, एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते.

प्रभागातली ताई
वीसच्या सभागृहात पाच सह्या लागतात. आम्ही तिघीच आहोत.

माजी सदस्य
हेच मी म्हणत होतो. थोडी मोकळीक नसेल तर सभा चालत नाही.

वेदगंगाकाठ
मोकळीक गटारीला पाहिजे, साहेब, गाळ्यांना नव्हे. आणि गाळेवाले दारात येतात म्हणून गावाला कळवायचंच नाही, हे मला पटत नाही. आज फक्त गाळेवाल्यांना आधी कळतं, बाकी गावाला नाही. सगळ्यांना कळलं तर दुसरी बाजूही तुमच्या दारात येईल.

या सगळ्यावर नगरपरिषदेला अर्ज देतोय, ताईंचा मुद्दा मात्र त्यात घालतोय. नोटीस निघण्याआधी सदस्यानं लेखी दिलेला विषय विषयपत्रिकेत आलाच पाहिजे, नाकारला तर कारण लेखी द्यावं. दुसरं, मालमत्ता आणि खरेदीचा कुठलाही विषय टिपणीशिवाय सभेपुढं येऊ नये. सोमवारी कार्यालयात आवक-जावकला देतो. ताई, तुम्ही आधी दिलेल्या पत्राची पोच असेल तर तिची झेरॉक्स सोबत जोडू.