मदत हवी आहे: इनसोल डिझाइनला एका जोडीमागे पाऊण तास जातोय

नमस्कार मंडळी,

नाशिकला शरणपूर रोडवर माझं छोटं ऑर्थोटिक्सचं, म्हणजे पायाला आधार देणारे बुटातले आतले तळ (इनसोल) बनवायचं काम आहे. दवाखाना म्हणण्याइतकं मोठं नाही, दोन खुर्च्या आणि एक हातातला स्कॅनर. आधी फोमच्या खोक्यात ठसा घेऊन प्लास्टर ओतायचो. आता संगणकावर इनसोल काढतो आणि फाइल अंबडला पाठवतो, तिथे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) ईव्हीए, म्हणजे फोमसारखं मऊ प्लास्टिक, कोरून मिळतं. पेशंट बहुतेक टाचदुखीचे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत सेफ्टी शूज घालून दिवसभर उभे राहणारे. बाकी मधुमेही.

वेळ खातं ते स्कॅनची भोकं बुजवणं आणि टाचेचा मध्य, पहिल्या-पाचव्या मेटाटार्सलची (बोटांमागच्या लांब हाडांची) डोकी हे बिंदू दर वेळी अंदाजाने लावणं. तो वाचवायला एकदा उजव्या पायाचं डिझाइन मिरर करून डाव्याला दिलं. डावा पाय जास्त सपाट होता. तिसऱ्या दिवशी पेशंट हजर: "गोटीवर उभा राहिल्यासारखं वाटतंय." चूक माझीच.

शिवाय तयार इनसोल बुटात बसत नाही. ग्राइंडरवर कडा घासल्या की हील कपच (टाच धरणारा खोलगट भाग) उडतो.

टेम्प्लेट कोणी वापरतं का? त्यात नेमकं काय साठवता?

उत्तर १
टेम्प्लेट पायाचं करू नका, बुटाचं करा. बुटातला मूळ इनसोल काढून साध्या कागदाच्या स्कॅनरवर ठेवा, शेजारी पट्टी. माप जुळवून तीच बाह्यरेषा घ्या. सेफ्टी शूजचे सात, आठ, नऊ नंबर एकदा साठवले की तुमचं निम्मं गिऱ्हाईक उरकलं. दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये फक्त आकडे ठेवा: हील कपची खोली, जाडी, पोस्टिंगचे (पाय आत-बाहेर कलू नये म्हणून दिलेल्या उताराचे) अंश. डाव्या-उजव्याला सुरुवातीचे आकडे एकच चालतील, पण कमान ज्या त्या पायाच्या स्कॅनवरूनच.

बिंदूंसाठी स्कॅनच्या आधी हाताने चाचपून त्वचेवर पेनाने ठिपके द्या. स्कॅनर रंग टिपत नसेल तर खड्याची टिकली चिकटवा, उंचवटा स्कॅनच्या जाळीत (थ्रीडी आकृतीत) दिसतो. नंतर तेवढा गुळगुळीत करायला विसरू नका, नाहीतर टिकलीसकट कोरून येईल. (हसू नका, आमच्याकडे आलंय.)

उत्तर २
मधुमेहींना टिकली नको, त्वचा जपा. आणि वर एमसीआर (मऊ रबराचा थर) चिकटवत असाल तर त्याची जाडी फाइलमध्येच वजा करा. ६ मिमी वरून चढवलं की बूट घट्ट होतो, बोटं घासतात आणि बधिर पायाला ते कळतही नाही. असे पेशंट टेम्प्लेटवर ढकलू नका, तिथे पाऊण तास लागू दे.

धागाकर्ता
एमसीआरची जाडी मी कधीच वजा केली नव्हती! गेल्या महिन्यातल्या तीन मधुमेही पेशंटना आजच फोन करून बूट घेऊन बोलावतो. टिकल्या मेन रोडवरून आणेन. घरी काय सांगायचं, तेही सुचवा.