पुनर्विकासाचा करार आणि पुढची चाळीस वर्षे : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी एक मुद्दा सविस्तर मांडतो. दोन्ही विकासकांच्या प्रस्तावांची तुलना आपण आतापर्यंत वाढीव कार्पेट (घरातील वापरायचे क्षेत्रफळ), कॉर्पस (विकासक सभासदांना देणार ती एकरकमी रक्कम) आणि बांधकामाच्या काळातले भाडे या तीनच रकान्यांत केली आहे. इमारतींची अंदाजपत्रके काढणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे चौथा रकाना रिकामा राहिलेला मला सलतो आहे. नवी इमारत ताब्यात आल्यावर ती चालवायला आणि टिकवायला किती खर्च येणार, हे आपण कोणालाच विचारलेले नाही. बांधकामाचा खर्च विकासक करील, पण त्यानंतरचा रंग, वॉटरप्रूफिंग, पंप, लिफ्ट आणि सामाईक वीजबिल आपल्याच मेंटेनन्समधून जाणार आहे.

गेल्या पावसाळ्यात सी विंगमधली गळती शोधताना प्लंबरने तीन ठिकाणी टाइल्स फोडल्या आणि पाइप चौथ्या ठिकाणी सापडला, कारण तो कुठून नेला आहे हे दाखवणारा एकही नकाशा सोसायटीच्या कपाटात नव्हता. ‘बिम’, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, या पद्धतीत इमारत आधी संगणकावर उभी राहते. तिच्यातला प्रत्येक पाइप, प्रत्येक भिंत आणि खिडकी ही नुसती रेघ न राहता आपली लांबी, क्षेत्रफळ व साहित्य यांची नोंद सोबत बाळगते, आणि कोणी भरले असेल तर अपेक्षित आयुष्य व बदलण्याचा खर्चही तिथेच मिळतो. नागपूर मेट्रोच्या कामात अशा मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून ते वापरले गेले आहे.

बाहेरच्या रंगाचे उदाहरण घ्या. मॉडेलवरून बाहेरील भिंतींचे क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर निघाले असे समजू. दर मी केवळ हिशेबासाठी धरले आहेत. स्वस्त रंग चौरस मीटरला १८० रुपये आणि आयुष्य ५ वर्षे. महाग रंग २६० रुपये आणि आयुष्य ८ वर्षे. परांची बांधणे आणि भेगा भरणे यांचे १५० रुपये दोन्हींत सारखेच. पहिला रंग विकासकाचा धरला, तर चाळिसाव्या वर्षापूर्वी स्वस्त रंग सात वेळा द्यावा लागतो आणि आजच्या दराने ९२ लाख ४० हजार रुपये जातात. महाग रंग चारच वेळा द्यावा लागतो आणि ६५ लाख ६० हजारांत भागते. निविदेत मात्र स्वस्त रंगच स्वस्त दिसतो.

ए-१०२ (खजिनदार) : आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु उपविधींप्रमाणे आपण सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का दरवर्षी जमा करतोच. तेवढ्यात हा खर्च भागणार नाही का?

बी-३०४ : खजिनदारसाहेब, ही टक्केवारी साध्या गिलाव्याच्या इमारतीला आणि काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतीला एकच आहे, आणि नेमकी अडचण तिथेच आहे. पैसा दरवर्षी सारखा जमा होतो, खर्च मात्र विसाव्या-पंचविसाव्या वर्षी एकदम येऊन पडतो. मॉडेलमधून वर्षनिहाय तक्ता काढता येतो आणि दूरचे खर्च आजच्या मूल्यात आणून प्रस्तावांची तुलना करता येते. आजच्या दराने २० लाखांची लिफ्ट २० वर्षांनी बदलायची असेल आणि महागाई वजा जाता ४ टक्के व्याज धरले, तर तिच्यासाठी आज सुमारे ९ लाख १३ हजार रुपये बाजूला असावे लागतात. व्याजाचा दर बदलला की निष्कर्षही बदलू शकतो, म्हणून दोन्ही विकासकांना दर एकच द्यावा लागेल. दर ठरवण्याचे काम आपले आहे, त्यांचे नव्हे.

सी-२०१ : आमच्याच घरातल्या टाइल्स फुटल्या होत्या, म्हणून विचारते. काम करताना पाइपची जागा बदलली आणि मॉडेलमध्ये जुनीच राहिली, तर त्याचा उपयोग काय?

बी-३०४ : ताई, आपली शंका अगदी रास्त आहे. परवानगीच्या वेळचे मॉडेल घेऊन भागणार नाही; प्रत्यक्ष झालेल्या कामाप्रमाणे दुरुस्त केलेले मॉडेलच घ्यावे लागेल. भिंती बंद होण्याआधी पाइप आणि वायरिंगची मापे नोंदवून आपल्या प्रकल्प सल्लागाराने ती मॉडेलशी ताडून पाहावीत. पंप कोणत्या बनावटीचा आहे आणि त्याची हमी किती, हे कोणी भरलेच नाही, तर ते सुंदर त्रिमिती चित्रच ठरेल. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातील दोषांची विकासकाची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षे असते, आणि मी सांगतो आहे ते मोठे खर्च बहुतेक त्यानंतरचे आहेत.

बी-६०१ (सचिव) : विषयपत्रिकेत हा मुद्दा घेतो. कृपया ठरावाचा मसुदा द्यावा.

बी-३०४ : मसुदा असा : ‘विकासकाने निविदेसोबत ४० वर्षांचा देखभाल व बदली खर्चाचा वर्षनिहाय अंदाज, सोसायटीने दिलेल्या व्याजदराने, सादर करावा. ताबा देताना प्रत्यक्ष कामाप्रमाणे अद्ययावत केलेले बिम मॉडेल, आयएफसी या खुल्या (एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बांधील नसलेल्या) फाइल-स्वरूपात, उपकरणांच्या तपशिलांसह विनामूल्य सोसायटीच्या स्वाधीन करावे. ते मिळेपर्यंत विकासकाने दिलेल्या बँक हमीचा ठरावीक भाग परत केला जाणार नाही.’ हा भाग किती असावा, ते सभेने ठरवावे.