लेबलवरची शाई विरघळली, या बाटल्यांचं आता काय करू?

शैवालवेडी:
दोन वर्षं झाली, ओहोटीला खडकांवर जाऊन अँफिपॉड आणि आयसोपॉड (कोळंबी-खेकड्यांचे चिमुकले नातलग) गोळा करून अल्कोहोलच्या बाटल्यांत ठेवतेय. बहुतेक जीव सेंटिमीटरभरही नसतात. काल ४० बाटल्यांचा डबा उघडला आणि पोटात गोळाच आला. लेबलं बॉलपेननं लिहून आत टाकली होती. त्यातल्या १७ बाटल्यांत कागद कोरा आणि अल्कोहोल फिकट निळं! जीव मात्र शाबूत आहेत. एका मादीच्या पोटाखालच्या पिशवीत पिल्लं आहेत, भिंगातून ११ मोजली. पण ती कुठल्या खडकावरची, कुठल्या महिन्यातली, काही केल्या आठवत नाही. हे नमुने टाकून द्यायचे का? आणि तुम्ही नोंद कशी ठेवता?

उधाण_भांग:
टाकू नका, आणि घाईनं नवी लेबलंही लिहू नका. आधी फोनमधले फोटो चाळा. फोटोत तारीख-वेळ असते, लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही मिळतात. त्या दिवशी किती बाटल्या भरल्या हे वहीत असेल तर ताळा जमेल. जिथे जमणार नाही तिथे सरळ 'ठिकाण अज्ञात' लिहा. अंदाजानं लिहिलेलं ठिकाण कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण पुढे कुणीतरी त्यावर विसंबून नकाशावर ठिपका देणार. अज्ञात नमुन्यांचे पाय सुटे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिका. ओळख पटवायला ते लागतंच, आणि चांगल्या नोंदीचा नमुना मोडायला हात धजत नाही.

पुढच्या वेळी जाड कागद आणि साधी पेन्सिल. लेबल बाटलीच्या आतच, आणि किनाऱ्यावर उभं राहूनच लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

खडकाखाली:
वरच्याशी सहमत. माझं एक कळकळीचं सांगणं: जीव कशावर होता ते लिहा. 'खडक' एवढ्यानं भागत नाही. दगडाच्या वर की खाली, कुठल्या शैवालात, भरतीरेषेपासून किती खाली? वाळूत उड्या मारणारे अँफिपॉड वाहून आलेल्या शैवालाच्या ढिगाखाली सापडतात, तर काडीसारखे कॅप्रेलिड (हेही अँफिपॉडच) शैवालाला किंवा हायड्रॉइडला (झुडपासारखा दिसणारा, चिकटून राहणारा समुद्री प्राणी) मागच्या पायांनी धरून असतात. शिवाय अँफिपॉडची पिल्लं आईच्या पिशवीतून बाहेर पडतात तीच तिच्यासारखी दिसणारी. खेकड्यांसारखी पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी यांच्यात नसते. म्हणून हा खडक की पलीकडचा, याला खरोखर अर्थ आहे.

शैवाल पाण्याखालीच पिशवीत घ्या, नंतर गोड्या पाण्याच्या बादलीत काही मिनिटं हलवा. जीव पकड सोडतात. मग अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून गाळा. जिवंतपणीच फोटो काढा, अल्कोहोलमध्ये रंग उडतो. नुसतं शरीर बघायचं तर ७० टक्के अल्कोहोल चालतं, डीएनएसाठी ९५ टक्के. दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण जिवांच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. संरक्षित किनारा असेल तर आधी परवानगी. उलटा केलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

त्या मादीला आजच वेगळ्या बाटलीत हलवा. हिंदकळलं की पिल्लं पिशवीतून गळतात आणि मग कुणाची कोण ते कळत नाही.

शैवालवेडी:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री फोटो आणि वही घेऊन बसले. १७ पैकी ९ बाटल्यांचा मेळ लागला, ८ वर 'अज्ञात' लिहिलं. मादी त्या ९ मध्ये आहे! पांढऱ्या झाकणातला तिचा फोटो सापडला, फेब्रुवारीतला, सकाळी ६:४२ चा. मागे तपकिरी शैवालाचं टोकही दिसतंय. तिला वेगळं केलं तेव्हा दोन पिल्लं गळालेली होती, तीही तिच्याच बाटलीत ठेवली आणि लेबलवर पेन्सिलनं तसं लिहिलं.