वडिलांसोबत दुचाकीवरून भंडारदरा : तंबू आणि गळ

प्रश्न : डिसेंबरात 62 वर्षांच्या वडिलांना मागे बसवून पुण्याहून संगमनेर-अकोलेमार्गे भंडारदऱ्याला जाण्याचा, धरणाकाठी तंबूत राहण्याचा आणि गळ टाकण्याचा विचार आहे, त्यासाठी परवानगी लागेल का?

पहिले उत्तर : धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे गावात आधी विचारावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र गळ मुळीच टाकू नये.

दुसरे उत्तर : माझे बाबा मागे बसायला तयारच नव्हते, म्हणून राजूरनंतर गाडी त्यांनीच चालवली. पहाटे कणकेच्या गोळीला दोन तासांत एकच मासा लागला, आणि तोही त्यांनी सोडून दिला! पाण्याकाठची थंडी बोचरी असते, तेव्हा वडिलांसाठी जाड सतरंजी न्यावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सतरंजी नक्की नेईन. गाडी बाबांच्या हाती देण्याचे अजून ठरलेले नाही.