नुकरा की सब्जा? चार महिन्यांचं शिंगरू घेताना काय तपासावं

केतकी_बडोदे
बडोद्याजवळच्या एका गावात चार महिन्यांचं मारवाडी शिंगरू बघितलंय, मादी आहे. आई कुम्मैत (अंग तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), बाप पांढरा. अंग गडद तपकिरी आहे, पण डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतात. विकणारे म्हणतात, नुकरा जातीची आहे, मोठी झाली की पांढरीशुभ्र होईल. भावही नुकऱ्याचाच सांगतायत. हे खरं असू शकतं का? पुन्हा बघायला जाणार आहे, तेव्हा काय काय तपासू?

पागावाला
नुकऱ्याचा भाव देऊ नका. एक तर नुकरा ही जात नाही, रंग आहे. मारवाडीत असतो तसा काठियावाडीतही असतो. दुसरं, नुकरा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. गडद जन्मून वर्षागणिक पांढरा होत जातो तो सब्जा. वरातीसाठी पांढऱ्या घोडीला मागणी असते, म्हणून बाजारात दोन्ही एकाच नावाने खपवतात.

ओल्या फडक्याने केस भिजवा आणि खालची कातडी बघा. मात्र कपाळावरच्या टिळ्यावर किंवा पांढऱ्या पायावर बघू नका, तिथे कुठल्याही घोड्याची कातडी गुलाबीच निघते. बरगडीवर आणि शेपटीखाली बघा. बापालाही तसंच तपासा. अंग पांढरंफेक असलं तरी नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा काळ्या असतील, तर तो सब्जाच.

रिसाला_इंदूर
वरचं बरोबर आहे. फक्त डोळ्यांभोवतीच्या केसांवर एकट्यावर विसंबू नका. तीन-चार महिन्यांच्या सुमारास जन्माची लव झडते, त्या काळात साध्या कुम्मैत शिंगराचा चेहराही फिकट दिसतो. केस बोटांनी फाकवा. गडद केसांत मुळापासून पांढरे केस मिसळलेले दिसले तर सब्जा. सगळेच सारखे फिकट असतील तर लव झडेपर्यंत थांबा. जन्माच्या वेळचे फोटो मिळाले तर फार उत्तम. कुम्मैत शिंगराचे पाय जन्मतः फिकट, राखाडी-बदामी असतात. सब्जा होणाऱ्याचे बहुधा सुरुवातीपासूनच काळे.

सब्ज्याचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत आली तरी घोडा सब्जा होतो. एसटीएक्स१७ या जनुकातला डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा जास्तीचा असतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आईबापांपैकी निदान एक सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जा होत नाही. तुमच्या शिंगराची आई कुम्मैत आहे, म्हणजे तिच्याकडून हे जनुक येणार नाही. बापाकडे एकच प्रत असेल तर शक्यता निम्मी, दोन असतील तर शिंगरू सब्जा होणारच. खात्री हवी असेल तर आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून जनुक चाचणीला पाठवा. कापलेले केस चालत नाहीत, कारण चाचणीला लागणारा डीएनए मुळाशी असतो.

केतकी_बडोदे
बापाच्या नाकपुड्या काळ्याच आहेत, फोटोत दिसतायत. म्हणजे बाप सब्जा, आणि हीसुद्धा सब्जा निघू शकते. मग पुढे तब्येतीचं काही बघावं लागतं का?

पशुवैद्य_ग्वाल्हेर
हो, मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या गाठी. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्यांपैकी सुमारे सत्तर-ऐंशी टक्क्यांना काळ्या, टणक गाठी येतात. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर आणि कानाखालच्या लाळग्रंथीत जास्त. पाच-सहा वर्षांची झाली की धुताना दर महिन्याला शेपूट उचलून बोटांनी चाचपा आणि गाठ सापडली तर माप लिहून ठेवा. बहुतेक गाठी वर्षानुवर्षं सावकाश वाढतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मग गाठ फुटते किंवा लीद अडते, आणि तोवर ती काढणं अवघड झालेलं असतं. लहान असतानाच दाखवा. घरी दोरा बांधू नका, डाग देऊ नका.

उन्हाचा त्रास मात्र सब्ज्याला नुकऱ्याइतका नाही, काळी कातडी सांभाळून घेते. नुकऱ्याच्या नाकावर आणि पापण्यांच्या गुलाबी कडांवर उन्हाने चट्टे पडतात, पुढे तिथे कर्करोगही होतो. त्यांना उन्हाळ्यात अकरा ते चार सावलीत बांधायचं आणि नाकाला झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं. डोळ्यांजवळ ते लावू नका, तिथे जाळीचा मुखवटा बांधा.